मोबाईलमधील कीड : ओळख, सर्वेक्षण आणि वेळीच कळविणे

(अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर परिसरातील शेतकऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘भातावरील खोडकिडीचे नियंत्रण’ असा विषय छापला आहे. त्या विषयावर मी जरूर बोलेन, पण पुढच्या खेपेस. आज एका वेगळ्याच किडीबद्दल बोलण्याची परवानगी मी आयोजकांकडून मागून घेतली आहे. ही कीड पिकावर पडत नाही, खिशातल्या मोबाईलवर पडते. मात्र तिच्यापासून होणारे नुकसान कित्येकदा एका हंगामाच्या भातापेक्षा जास्त असते.

गेल्या खरिपात भात पोटरीच्या अवस्थेत असताना बारवी धरणाच्या बाजूच्या एका गावात मी पाहणीसाठी गेलो होतो. खाचरात उतरून सुकलेले गाभे मोजत होतो. शेताचे मालक वयस्कर, एरवी बोलके, पण त्या दिवशी बांधावर गप्प बसून होते. मी विचारले, “काका, तब्येत बरी नाही का?” तेव्हा ते म्हणाले, “साहेब, भाताचं राहू द्या. माझंच खोड पोखरलंय.”

मग हळूहळू हकिकत कळली. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर एक फाईल आली होती. तिच्यावर पी. एम. किसान योजनेचे नाव आणि चित्र. पाठविणारा दुसरातिसरा कोणी नव्हे, त्यांचाच भाचा. हप्ता अडकू नये म्हणून काकांनी ती उघडली, विचारलेली माहिती भरली, येईल त्या सूचनेला ‘होय’ म्हटले. पुढे काहीच झाले नाही. फोन नेहमीसारखा चालू होता. सकाळी बँकेतून जांभळाचे आणि भाजीपाल्याचे साठवलेले ७४ हजार रुपये गेलेले होते. ही गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली नाही, बँकेत सांगितली नाही, कोणालाच सांगितली नाही. लाज वाटली. मला सांगितली ती नवव्या दिवशी.

त्या नऊ दिवसांत दुसरे काय घडले ते काकांनाही ठाऊक नव्हते. त्यांच्या फोनवरून तीच फाईल त्यांच्या नावाने आणखी गटांवर गेली होती आणि गावातील व पलीकडच्या पाड्यावरील चार जणांनी ती ‘काकांनी पाठवली’ म्हणून विश्वासाने उघडली होती. भाच्याचेही तसेच झाले होते. त्याने स्वतः काहीच पाठविले नव्हते.

किडीचा अभ्यास करणाऱ्याला हे चित्र नवे नाही. एका शेतात प्रादुर्भाव झाला आणि मालकाने शेजाऱ्यापासून लपविला, तर दुसऱ्या पिढीचे पतंग शेजाऱ्याच्या शेतात उतरतात.

कीड काम कशी करते

काकांच्या फोनवर आलेली ती फाईल म्हणजे एक ॲपच होते. अशा फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे असतात. एरवी आपण ॲप घेतो ते प्ले स्टोअरवरून. तेथे काही प्रमाणात तपासणी होते. ही फाईल त्या वाटेने न येता मागच्या दाराने येते, म्हणून फोन ती बसविण्यापूर्वी ‘अज्ञात स्रोत’ असा इशारा देतो. आपण घाईत तो इशारा बाजूला सारतो. नंतर ते ॲप मेसेज वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेकडून येणारा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. काही ॲप तर आलेला मेसेज तुमच्या नजरेला पडण्यापूर्वीच पुसून टाकतात. खोडकिडीची अळी खोडात शिरल्यावर बाहेरून रोप हिरवेच दिसते, गाभा ओढून पाहिला तर तो सहज निघून येतो. तसाच हा प्रकार आहे.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पी. एम. किसान असो, नमो शेतकरी असो, पीक विमा असो की शेतकरी ओळख क्रमांक, कोणतीही सरकारी योजना व्हॉट्सॲपवर एपीके फाईल पाठवीत नाही. संकेतस्थळाचा पत्ता दिला असेल तर तो शेवटाकडून वाचावा. मधल्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अलीकडचा भाग ‘गव्ह डॉट इन’ वर संपत असेल तर तो सरकारी, नसेल तर आधी खात्री करून घ्यावी. पत्त्याच्या सुरुवातीला ‘पीएमकिसान’ किंवा ‘कुसुम’ लिहिणे कोणालाही जमते. सौर पंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने अशी बनावट संकेतस्थळे निघाली आणि नोंदणी शुल्क म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्याबद्दल वारंवार सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. उल्हासनगरच्या बाजारात जीन्स घेताना आपण लेबलावर भुलत नाही, उलटी करून शिवण पाहतो. येथेही तेच करावयाचे आहे.

या किडीचे संशोधन केंद्र कोठे आहे?

भातासाठी आपल्याला कर्जतचे संशोधन केंद्र माहीत आहे. ते १९१९ पासून काम करीत आहे आणि कर्जत-३, कर्जत-७ यांसारखी वाणे तुमच्यापैकी अनेकांच्या खाचरात आहेत. संगणक आणि मोबाईलवरील किडीसाठीही असे सार्वजनिक संशोधन केंद्र आहे, आणि त्याचे मूळ आपल्याच राज्यात, पुण्यात आहे. त्याचे नाव प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली ही संस्था चालते.

तिची स्थापना १९८८ ची. त्या काळी हवामान अंदाजासारख्या कामासाठी लागणारे शक्तिशाली संगणक परदेशातून हवे तसे मिळत नव्हते. तेव्हा ते आपणच बनवावेत असे ठरले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. मराठीसह भारतीय लिप्या संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्रज्ञानही याच संस्थेने पुढे वाढविले. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्थाही २००३ मध्ये सी-डॅकमध्ये सामील झाली. तिचे एक कार्यालय जुहूला आणि दुसरे खारघरला आहे. म्हणजे बदलापूरहून तळोज्याच्या वाटेने गेलात तर फार लांब नाही.

आता ही संस्था किडीचा अभ्यास कसा करते ते सांगतो, कारण मला स्वतःला ते वाचताना फार गंमत वाटली. आपण शेतात कामगंध सापळे लावतो. हेक्टरी पाचेक सापळ्यांनी सगळे पतंग मरत नाहीत, तो हेतूही नसतो. पतंग केव्हा येऊ लागले आणि किती, हे त्यांवरून कळते. सी-डॅकच्या मोहाली केंद्रातील शास्त्रज्ञांनी संगणकाच्या जाळ्यावर असेच सापळे लावण्याचे काम केले आहे. त्यांना हनीपॉट म्हणतात, मधाचे मडके म्हणा हवे तर. जाळ्यावर एक संगणक मुद्दाम दुबळा आणि उघडा दिसेल असा ठेवायचा. त्यात खरे असे काहीच नसते. कोणाही प्रामाणिक माणसाचे तेथे काम नसते, त्यामुळे जो कोणी तेथे शिरेल तो संशयितच. तो कोठून आला, कोणती फाईल टाकून गेला, त्या फाईलने पुढे काय केले, याची नोंद होते. त्या नमुन्यांवरून नव्या किडीची ओळख पटते. आपण अळी काचेच्या नळीत घालून कीटकशास्त्र विभागाकडे पाठवितो, त्याचाच हा प्रकार. चोराने वापरलेला संगणक वा फोन तपासून पुरावा काढण्याची साधने सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने तयार केली आहेत, आणि लोकांमध्ये जागृती करण्याचे काम मुख्यत्वे हैदराबाद केंद्र पाहते. हा जागृतीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००५ पासून सुरू आहे.

संशोधन वेगळे आणि सल्ला देणारी यंत्रणा वेगळी. तुम्हाला आठवत असेल, २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला आणि त्यानंतर राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरावीक शेतांतून निरीक्षणे यायची, नुकसानीची पातळी ओलांडली की त्या भागाला सल्ला जायचा. संगणकाच्या बाबतीत देशपातळीवर हे काम जानेवारी २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही यंत्रणा करते. कोणत्याही कंपनीवर, बँकेवर वा कार्यालयावर हल्ला झाल्याचे लक्षात आले की सहा तासांच्या आत कळवावे, असा आदेश तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढला. मोठमोठ्या कंपन्यांनासुद्धा लाज गुंडाळून कळवावे लागते, हे त्या नऊ दिवसांशी ताडून पाहा. आपल्या राज्यात महापे येथे महाराष्ट्र सायबर विभागाचे केंद्र ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले, तेही याच साखळीतील आहे.

हे सगळे शहरी लोकांचे विषय आहेत असे कोणाला वाटत असेल तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण घ्या. ती सहकारी बँक आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव केला आणि ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटी ४२ लाख रुपये काढले. बनावट कार्डे घेऊन २८ देशांतील एटीएमवर एकाच वेळी माणसे उभी होती. काही आपल्या देशात, काही तर कोल्हापुरातसुद्धा. कोणा खातेदाराने चुकीचे बटण दाबले नव्हते, शेत निर्मळ होते आणि गोदामाला भोक पडले होते. म्हणून बँकेचा कारभार चोख असावा यासाठी अशी संशोधन केंद्रे लागतात. ती कोणा एका गावासाठी काढलेली नसतात, पण गावाचा पैसा त्यांच्याच भरवशावर असतो.

या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. एटीएमवर उभी राहून थोड्या मोबदल्यात कार्ड घालणारी माणसे पकडली जातात. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडील तरुण मुलांनाही आज ‘खाते भाड्याने दे, पाच हजार देतो’ असे सांगणारे भेटतात. दुसऱ्याच्या लुटीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. घरातल्या मुलांना हे आजच सांगा.

अंगठ्याचा ठसा

आपल्या भागात जमिनीचे व्यवहार मोठ्या प्रमाणावर होतात. वडोदरा–मुंबई द्रुतगती मार्ग अंबरनाथ तालुक्यातून गेला आहे आणि अनेकांना मोबदलाही मिळाला आहे. ज्या खात्यात आयुष्यात लाखभर रुपये राहिले नव्हते, त्यात एकदम मोठी रक्कम आली, आणि त्याच फोनवर नातू गेम खेळतो. हे खाते आणि रोजच्या व्यवहाराचे खाते वेगळे ठेवा. मोठ्या रकमेच्या खात्याला फोनवरून पैसे पाठविण्याची सोय जोडूच नका. यासाठी कोणत्याही शास्त्रज्ञाची गरज नाही.

दस्तांवर आपण अंगठे दिलेले असतात. इतर काही राज्यांत चोरांनी नोंदणी दस्तांवरील ठशांच्या प्रती मिळवून त्यांवरून कृत्रिम बोटे बनविली आणि आधारवर चालणाऱ्या यंत्रातून लोकांच्या खात्यातील पैसे काढल्याचे उघडकीस आले. येथे ओटीपी लागत नाही, फोनचाही संबंध नाही. उपाय असा की आधारच्या अधिकृत ॲपमधून वा संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करता येतात. हे करण्यासाठी आधारला मोबाईल क्रमांक जोडलेला हवा. एक अडचण आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही मला शिव्या द्याल. कुलूप असताना रेशन दुकानात किंवा अंगठा लागणाऱ्या इतर ठिकाणी यंत्र तुमचा ठसा स्वीकारणार नाही. त्या दिवशी तात्पुरते कुलूप उघडावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे झेपणार नाही, तेथे सुनेने वा नातवाने मदत करावी.

पहिला तास

आर्थिक फसवणूक कळविण्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा क्रमांक वेगळा होता, नंतर तो १९३० झाला. तक्रार आली की ती पैसा ज्या बँकेत गेला तेथपर्यंत पोहोचते आणि पैसा अजून खात्यात असेल तर तेथेच अडवून धरला जातो. चोरालाही हे ठाऊक असते. म्हणून तो पैसा एका खात्यातून चार खात्यांत आणि चारांतून दहांत घाईघाईने हलवितो. पाटाचे पाणी शेवटच्या चारीत शिरल्यावर वरचे दार बंद करून काय उपयोग? दार बंद करायचे ते पाणी पाटात असताना.

शंका आली की प्रथम फोनचे इंटरनेट बंद करा. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० ला आणि आपल्या बँकेला फोन करा, कारण तुमच्या फोनमध्ये कीड बसली आहे. बँकेचा क्रमांक गूगलवर शोधू नका, तेथेही बनावट क्रमांक टाकलेले असतात. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेला क्रमांक घ्या. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. ती फाईल, तो मेसेज, पाठविणाऱ्याचा क्रमांक यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि मगच ॲप काढून टाका वा फोन पूर्ण पुसून घ्या. रोगट रोप आधीच जाळून टाकले तर आम्ही निदान कशावरून करायचे? त्यानंतर गावाच्या गटावर दुसऱ्याच्या फोनवरून स्पष्ट लिहा की माझ्या नावाने आलेली फाईल उघडू नका. हे शेवटचे काम माणसाला सर्वांत जड जाते.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून एक तत्त्व घालून दिले होते. खातेदाराने स्वतःच ओटीपी दिला असला तरी बँकेला कळविल्याच्या क्षणानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. यावरूनही कळविण्याची वेळ किती मोलाची आहे ते दिसेल. बँकेत तोंडी सांगून परत येऊ नका, अर्जावर तारीख, वेळ आणि शिक्का घ्या.

फोन तपासण्यासाठी सी-डॅकने ‘एम-कवच’ हे ॲप तयार केले आहे. सर्ट-इनचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून हे आणि अशी इतर साधने लोकांना मोफत मिळू लागली. प्ले स्टोअरवरून घ्या, कोणी फाईल म्हणून पाठविले तर तेही उघडू नका!

या मेळाव्यात चहाच्या वेळी एका बंधूंनी मला विचारले, “हे केंद्र आमच्यासाठी आहे की बँकांसाठी?” प्रश्न रास्त आहे. प्रामाणिक उत्तर असे की त्यांचे ज्ञान बहुतांशी इंग्रजीत आणि शहरात अडकून आहे. सर्ट-इनचे सल्ले मी वाचतो. ते अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी लिहिलेले असतात. जागृती कार्यक्रमाचे साहित्य भारतीय भाषांतून निघते, पण ते बांधापर्यंत आणून पोहोचविणारा माणूस कोठे आहे? शेतीत प्रयोगशाळा आणि शेत यांच्यामध्ये विस्तार कार्यकर्ता असतो. तो नसता तर कर्जतचे वाण कर्जतलाच राहिले असते. माझ्या मते हे काम कृषी विद्यापीठांनी आणि गावच्या सोसायट्यांनी अंगावर घेण्यासारखे आहे. सगळ्या योजना फोनवर आणल्या, तर फोनचे पीक संरक्षणही विस्तार कार्याचाच भाग मानावा लागेल.

मुलामुलींसाठी एक माहिती. संगणक सुरक्षेचा सुमारे सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सी-डॅक चालविते. अभियांत्रिकी पदवी वा एम.सी.ए.सारखे शिक्षण लागते आणि सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. शुल्क कमी नाही, त्यामुळे आधी नीट चौकशी करावी. पण आपल्या भागातून रोज लोकलने कॉलेजला जाणारी कितीतरी शेतकऱ्यांची मुले या पात्रतेची आहेत.

आता त्या काकांचे काय झाले ते सांगून थांबतो. त्यांच्या बांधावरूनच माझ्या फोनवरून १९३० ला तक्रार नोंदविली. नऊ दिवसांनी शेवटच्या खात्यात ३ हजार १०० रुपये सापडले, ते अडकवून ठेवले आहेत. पाड्यावरील ज्या ताईंनी काकांच्या नावाची फाईल उघडली होती, त्यांची बारावीतील मुलगी हुशार निघाली. पैसे गेल्याचा मेसेज तिच्या आजोबांच्या जुन्या फोनवर आला आणि तिने पाऊण तासात फोन केला. २५ हजारांपैकी २२ हजार अडले. ते परत मिळविण्यासाठी पोलीस ठाण्याच्या चकरा चालू आहेत, पण पैसे जागेवर आहेत.

काकांनी नंतर गटावर स्वतः मेसेज टाकला. फार लांब नव्हता, चार ओळींचा होता. तो वाचून आणखी दोघांनी आपल्याही बाबतीत असेच झाल्याचे सांगितले. एकाचे तर वर्षापूर्वी झाले होते.

त्या दिवशी खोडकिडीची मोजणी अर्धीच राहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन केली, तेव्हा सुकलेले गाभे पाच टक्क्यांच्या आत होते आणि फवारणीची गरज पडली नाही. त्याची सविस्तर माहिती पुढील मेळाव्यात देईन. येताना आपापल्या खाचरातील कीडग्रस्त फुटवे कागदी पिशवीत घालून आणावेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतात.